घरात एकच भाषा

कुरुंदवाड, ९ जून ९६, रविवार

सकाळपासून भांडी बांधतेय. टेम्पो गुरुवारी. काय न्यायचं नि काय ठेवायचं यावर घरात तिघांची तीन मतं. हे म्हणतात, दोन खोल्यांना लागेल तेवढंच घ्या. अव्वांनी (यांच्या आई) पाटा-वरवंटा दारात आणून ठेवला. म्हणजे त्या पण येणार. कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीच ठरवून टाकलं. म्हणाल्या, पोर माझ्याशिवाय जेवत नाही. खरं आहे.

मिरजेच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं, आमच्या उमाला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. चार वर्षं आम्ही धरून बसलो होतो की उशिरा बोलेल, यांच्या काकांसारखी. ओळखू आलं नाही कारण तिला काय हवं ते अव्वांना तिच्या डोळ्यांवरून कळायचं. मागायची वेळच आली नाही.

कोल्हापूरची अशा मुलांची शाळा घ्यायला तयार आहे. आईनं रोज वर्गात बसायचं ही अट. एस.टी.नं रोज जाऊन येऊन करायचं म्हटलं तर पोर बसमध्येच मोठी होईल. म्हणून खोल्या. हे इथंच राहणार, बी-बियाण्याचं दुकान, त्यात हाच हंगाम. रविवारी संध्याकाळी येतील, सोमवारी परत.

कोल्हापूर, १३ जून

पोचलो. मंगळवार पेठ, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खाली घरमालक माने काकांचं गॅरेज. दिवसभर गाड्यांच्या आवाजावर बोलून त्यांचा आवाज तसाच झालाय, गाड्या बंद असल्या तरी.

पाटा वर चढवताना काका म्हणाले, "हे काय सोबत, आख्खं कुरुंदवाड आणलंय व्हय?" अव्वांना हसू आलं.

काकूंनी चहा दिला. उ.ला काहीतरी विचारलं, ती बघत राहिली. मी सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, मोठ्यानं बोललं तर? मी म्हटलं नाही. तरी जाताना मोठ्यानंच बोलल्या.

१७ जून, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. सावंत बाई. माझ्याच वयाच्या असतील. वर्गात सहा मुलं, सहा आया, भिंतीला मोठा आरसा. आयांनी करायचं काय, तर बोलायचं. उठल्यापासून झोपेपर्यंत, उजेडात, तिच्या समोर बसून. कपडे धुतेय, भात टाकतेय, दार लावतेय. खुणा कमी करायच्या.

बाईंनी विचारलं, घरी कुठली भाषा? मी म्हटलं दोन्ही. मी सांगलीची, मराठी. हे दोन्ही बोलतात. अव्वा चिकोडीकडच्या, बाजारापुरतं मराठी, घरात कन्नड. उ. दिवसभर त्यांच्याजवळ.

बाई म्हणाल्या, "एकच ठेवा. एक शब्द शंभर वेळा पडला तर तो तिच्या हाती लागणार. तुम्ही दोघींनी दोन टाकले तर एकही लागायचा नाही. शाळा मराठी आहे, मराठीच ठेवा."

मग अव्वा? "त्यांनीही मराठीच बोलावं. अगदीच नाही जमलं तर..."  आणि बाई दुसऱ्या आईकडे वळल्या.

२० जून

कानाचं मशीन बसवलं. छातीवर कापडी खिसा, त्यात डबी, दोन वायरी कानांत. कानातला साचा घालताना रडली. चालू केल्यावर रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी केल्यासारखं. थोड्या वेळानं ओढून काढलं. परत घातलं. परत काढलं. दुपारभर हेच.

अव्वा म्हणाल्या, गळ्यात इष्टलिंग असतं तसं घालू दे, सवय होईल. त्यांनी आपल्या गळ्यातलं दाखवलं, मग तिचा खिसा दाखवला. अव्वांसाठी ठेवलं तिनं. संध्याकाळपर्यंत होतं.

भाषेचं अजून सांगितलेलं नाही.

२४ जून

सांगितलं. हे आले होते, त्यांच्यासमोरच. अव्वांनी नीट ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या. तेवढंच. मग तांदूळ निवडत बसल्या.

यांचं माझं जिन्यात झालं. हे म्हणाले, बाईंना काय ठाऊक आमच्या घरातलं. मी म्हटलं, तुम्हाला तरी किती ठाऊक, तुम्ही आठवड्यातनं एकदा येता. बोलायला नको होतं. खाली काकांनी कुणाचीतरी गाडी चालू केली, बरं झालं.

२ जुलै

अव्वा उ.शी बोलतच नाहीत. मराठी नाही, कन्नड नाही, काहीच नाही. भरवतात, न्हाऊ घालतात, वेणी घालतात, तोंड मिटून. उ. त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते. ओठांकडे बघत राहते. अव्वा मान फिरवतात.

मी म्हटलं, अव्वा, मराठी येतं तुम्हाला, येईल तसं बोला. म्हणाल्या, तोंड उघडलं की कन्नडच बाहेर पडतं. तिच्याकडे बघितलं की तेच. मग उघडत नाही.

वर्गात इतर मुलं पुढं सरकू लागलीत. एका मुलानं ढोल वाजल्यावर मान वळवली. आमचं काही नाही. जबडा दुखतो बोलून बोलून.

८ जुलै, सोमवार

अव्वा यांच्याबरोबर परत गेल्या. सकाळीच पिशवी भरलेली. मी राहा म्हटलं. किती जोर लावून म्हटलं ते मलाच माहीत नाही. यांनी पिशवी उचलली. जाताना अव्वांनी मला सांगितलं, दूध गार करून दे, गरम घेत नाही. चार वर्षांची माझी मुलगी आणि मला हे दुसऱ्यानं सांगायचं.

उ. खिडकीत होती. रिक्षा वळेपर्यंत काही नाही. मग जिना उतरून खाली गेली. काकूंनी धरून आणली.

११ जुलै

जेवत नाही. दूध, बिस्किटं. अव्वांच्या खाटेवर त्यांचं जुनं लुगडं होतं ते घेऊन बसते. मशीन फेकून दिलं, वायर तुटली. काकांनी जोडून दिली. त्यांना वायरचं कळतं. लावून बघायला "ऐकू येतंय का गं बाय" म्हणून ओरडले. मी म्हटलं, काका, हळू, मशीनमध्ये आवाज फार मोठा होतो. तर म्हणाले, "मी कुठं वरडतोय? माझा आवाजच असा हाय."

तिनं मात्र त्यांच्याकडे बघितलं. आवाजामुळं की मिश्यांमुळं, देव जाणे.

२६ जुलै

पंचगंगा चढलीय. कुरुंदवाडचा रस्ता बंद. हे गेल्या रविवारी आले नाहीत, या रविवारीही येणार नाहीत. काकांच्या फोनवर बोलणं झालं. पाणी घरापासून लांब आहे, काळजी नको. दुकानातला माल वर उचललाय. अव्वा बऱ्या आहेत, पण बोलत नाहीत फारशा. यांच्याशीसुद्धा.

मी उ.च्या कानाशी रिसीव्हर धरला, उगाच. ती तोंडात घालायला गेली.

३१ जुलै

बाईंनी वर्गानंतर थांबवलं. उ. मागं पडतेय, काय झालं विचारलं. मी अव्वा गेल्याचं सांगितलं. बाई एकदम म्हणाल्या, "मी जा नव्हतं म्हटलं." मी म्हटलं, नाही, पण वाक्य अर्धं सोडलं होतं.

 मग त्यांनी विचारलं, आजी दिवसभर काय करायच्या? सांगितलं. भरवताना बोलायच्या. भाजी निवडताना प्रत्येक शेंग दाखवून बोलायच्या. ऐकू येत नव्हतं तेव्हाही बोलायच्या. माझं तसं नाही. मी समोर बसते आणि काय बोलू सुचत नाही. पाठ केल्यासारखं बोलते.

बाई म्हणाल्या, मग खरं बघता तिला कन्नडच द्यायला हवं. जो जास्त बोलतो त्याची भाषा. पण माझ्याकडे मराठीच आहे. बेळगावला कन्नड शाळा आहे, चौकशी करते हवी तर.

घरी येऊन भात करपला. बेळगाव म्हणजे परत घर हलवायचं. दुकान अजून लांब. आणि मी? माझं कन्नड पाणी-भाकरीपुरतं. मग मी तोंड मिटून वेणी घालायची? अव्वांना काय वाटलं असेल ते आज पहिल्यांदा नीट कळलं. कळून उपयोग नाही.

४ ऑगस्ट

रस्ता उघडला, हे आले. बेळगावचं सांगितलं.  हे म्हणाले, तू म्हणशील तिथं. हे मला नको होतं. दोघांनी मिळून ठरवायला पाहिजे असं म्हटलं तर म्हणाले, "शैला, मला दोन्ही बोलता येतं आणि मी तिच्याजवळ नसतो. मी काय ठरवू?"

उ. त्यांच्या मांडीवर झोपली. जाताना उठवली नाही.

१२ ऑगस्ट

वर्गातनं आलो तर जिन्यात अव्वा. एकट्या, एस.टी.नं. फडक्यात कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी. यांना न सांगता आल्या, काकूंनी नंतर दुकानाच्या नंबरवर फोन करून कळवलं.

उ. आधी लांब उभी राहिली. रागानं. मग जाऊन त्यांच्या पिशवीवर बसली, म्हणजे आता ती हलायची नाही.

पाणी पिऊन झाल्यावर अव्वा माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "मी शिकतो. पोरासंगट शाळेत बसतो. बाईला विचार." मग कन्नडमध्ये म्हणाल्या की घर रिकामं आहे, तिथं कुणाशी गप्प बसायचं?

बेळगावचं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. बाईंनाही आज वर्गात मी नको म्हटलं, जरा थांबा म्हटलं.

१९ ऑगस्ट

बाईंनी हो म्हटलं. वर्गात आता सहा मुलं, सहा आया आणि अव्वा. आरशासमोर उ., तिच्या मागं अव्वा, डोक्यावर पदर. बाई चित्र दाखवतात, अव्वा म्हणतात. "ही पाणी." बाई म्हणतात, हे पाणी. "हे पाणी." "हा भाकरी." ही भाकरी. बाकीच्या आया हसल्या. अव्वापण हसल्या. घरी येताना रस्त्यात मला विचारलं, भाकरी बाई आणि भात बाप्या हे कुणी ठरवलं? 

उ. आरशात अव्वांचे ओठ बघते. माझे नाही. चालेल.

३० ऑगस्ट

जेवते. मशीन दिवसभर ठेवते. आज कुकरच्या शिट्टीला हात कानाकडे गेला. दुसऱ्या शिट्टीला परत. तिसरीला मी गॅस बंदच केला नाही, डाळीचा लगदा झाला. काकूंना वर बोलावून दाखवलं. काकू पदरानं डोळे पुसत खाली गेल्या आणि काकांना सांगितलं, ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

१५ सप्टेंबर

दुपारी उ. झोपलेली. अव्वा वाती वळत होत्या. आपणहून बोलल्या, कन्नडमध्ये, सावकाश, मला कळावं म्हणून. "मराठीत तिच्याशी बोलते तेव्हा दुसऱ्याच्या पोरीशी बोलल्यासारखं वाटतं. चांगलं वागते मी, पण पोर दुसऱ्याची."

 मी म्हटलं, मलाही बोलताना तसंच वाटतं, आणि माझी तर भाषा आहे. अव्वांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग वाती माझ्याकडे सरकवल्या, दोघींनी मिळून वळल्या.

देवापुढं त्या कन्नडच म्हणतात. उ. जवळ असते. ते मी बाईंना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

६ ऑक्टोबर

हे आले. कोल्हापुरात एका व्यापाऱ्याचा गाळा रिकामा होतोय. इथं दुकान टाकायचं तर कुरुंदवाडचं बंद करावं लागेल, घर भाड्यानं द्यावं लागेल. गिऱ्हाईक सगळं तिकडचं, शेतावरनं ओळखीचं. इथं यांना कोण ओळखतंय. व्यापाऱ्याला दिवाळीनंतर सांगतो म्हणून आलेत. मी विचारलं, तुमच्या मनात काय? म्हणाले, रविवारी येतो तेव्हा ती आधी अव्वांच्या मागं लपते.

शुक्रवारी बाईंना बेळगावचं विचारलं. तिकडची शाळा मुलगी बघायला बोलावतेय. बाई म्हणाल्या, उन्हाळ्यापर्यंत इथंच बघू, शब्द नाही आला तर विचार करू. म्हणजे गाळा घ्यायचा आणि मग बेळगाव म्हटलं तर? यांना सांगितलं. कपाळावर हात मारला नाही, फक्त चहा मागितला.

कुरुंदवाड, १४ नोव्हेंबर

दिवाळी उरकली. जूननंतर उ. पहिल्यांदा या घरात, आणि मशीन घालून पहिल्यांदाच. चार वर्षं इथंच राहिली पण हे घर तिनं ऐकलेलं नव्हतं. सकाळी यांनी घराच्या पुढच्या दुकानाचं शटर उचललं तशी स्वयंपाकघरातनं पळत गेली. यांनी परत पाडलं, परत उचललं. ती शटरला हात लावून उभी. किती वेळ चाललं होतं. गिऱ्हाईक ताटकळलं. यांचा हात ग्रीसनं काळा, त्याच हातानं तोंड पुसलं.

दुपारी गाळ्याचा विषय. उद्या व्यापाऱ्याला सांगायचंय. अव्वांना विचारलं, घर भाड्यानं द्यायचं का? त्या म्हणाल्या, घराला विचारू नका, पोरीला विचारा. मग उठून बाहेर गेल्या.

संध्याकाळी उ. कट्ट्यावर पणत्या पुसत बसलेली, आमच्याकडे पाठ. अव्वा दारात. हळू हाक मारली, "उमा." नावाला मराठी नाही, कन्नड नाही. नाही वळली. परत मारली. परत. आम्ही दोघं आत उभे. पुन्हा एकदा "उमा", तर ती वळली. अव्वांकडे बघितलं, आणि परत पणती पुसायला लागली, जसं रोजचंच आहे.

हे म्हणाले, अव्वांची सावली पडली असेल, म्हणून वळली. अव्वा म्हणाल्या, सावली माझ्या मागं होती.  मला दिसलं नाही सावली कुठं होती ते. मी तिच्याकडे बघत होते.

व्यापाऱ्याला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. सकाळी सातची गाडी.