आधीच दिलेली माफी

३ मे

पोचलो एकदाचे! होडीतून उतरताना लुपेचा पाय घसरला, कमरेपर्यंत भिजली, तरी हसतच होती. किनाऱ्यावर अख्खं फातुसोआ गाव उभं. बायका फुलांचे हार घेऊन, मुखिये काठ्या टेकून. आपियाच्या धर्मविद्यालयातून बाहेर पडल्यावर पाळक म्हणून मला मिळालेली ही पहिलीच मंडळी. पाळकाचं घर देवळाला लागून आहे, लाकडी भिंतींचं. गावातल्या बाकी घरांना भिंतीच नाहीत, नुसते खांब आणि चटयांचे पडदे. लुपे म्हणाली, अहो, इथं कुणी कुणापासून काय लपवणार?

जेवायला भाजलेला नीरफणस, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि हा एवढा मासा. मासा शेजारच्या मलाकीनं आणला. अंगानं दांडगा, बोलायला लाजरा, आईबरोबर राहतो. लुपेनं माशाचं कौतुक केलं तर पळूनच गेला.

९ मे

मलाकीनं छप्पर शाकारून दिलं. लुपेला ‘ताई’ म्हणतो. तिनं त्याला कोको पाजला आणि पेलाभर पिऊन झाल्यावरही तो रिकामा पेला धरून बसला होता, उठावं कसं हे न कळून. आम्ही दोघं नंतर खूप हसलो.

उपदेश संपला की लोक माझ्याकडे न येता सिएनी नावाच्या म्हातारीभोवती बसतात. मंडळीतले वडीलधारे तुआफाले यांना कारण विचारलं. म्हणाले, देव तिला पुढचं दाखवतो. मी हसलो. ते हसले नाहीत.

१७ मे

सकाळी दार उघडलं तर अंगणात मलाकी आणि त्याची आई फिलेमा गुडघ्यांवर बसलेली, डोक्यावरून घराण्याची चटई पांघरून. याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. तुमच्या घराचा आमच्या हातून मोठा अपराध झाला, मारा नाहीतर माफ करा. चटई उचलली की माफी. मग सूड नाही, ब्र नाही.

ऊन चढत होतं. मला वाटलं, आमचं एखादं डुक्कर मारलं असेल. मी चटई उचलली आणि मग विचारलं, झालं तरी काय?

फिलेमा म्हणाली, “अजून झालं नाही, पाळकबाबा.”

सिएनीनं पाहिलंय म्हणे. मलाकीच्या हातून लुपे मरणार.

लुपेला थट्टा वाटली. मग तिनं मलाकीकडे बघितलं. तो हुंदके देत होता.

२१ मे, रविवार

आज उपदेशात सगळं काढलं. देवाला पुढचं माहीत असतं, खरंय. पण पोरगं माडावर चढताना मला दिसलं, म्हणून मी त्याला चढवलं असं होत नाही. देवानं माणसाला इच्छा दिली आहे, खरीखुरी. मलाकीपुढे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. कुणीही आमेन म्हटलं नाही.

बाहेर सिएनीनं गाठलं. “पोरा, देव चुकतो का रे?”

नाही म्हटलं.

“मग मलाकी दुसऱ्या वाटेनं जाईल कसा? गेला तर देव खोटा पडला. मंडळीत देवाला खोटं पाडायला आलास होय?”

मी म्हटलं, देव चुकत नाही, आजी, तुम्ही चुकत असाल. बायका खुदुखुदू हसल्या. तुआफालेंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “माफी दिलीत ना? मग आता जिवाला घोर कशाला?”

२४ मे

लुपेला माहेरी पोचवायला होडी मागितली. मुखिये म्हणाले, देवाच्या आड येऊ नका. दुपारपर्यंत साऱ्या होड्या पलीकडच्या खाडीत हलवल्या होत्या.

बायका लुपेसाठी गोडधोड आणतात. तिचे केस विंचरतात. तिच्या देखतच बोलतात की हिला पांढरा पोशाख शोभून दिसेल, बाह्या मात्र लांब हव्यात.

२५ मे

मलाकी स्वतःहून आला. “मला बांधा, पाळकबाबा. ताईंना मला काही करायचं नाही. पण सगळे माझ्या हातांकडे बघतात. आता मीसुद्धा बघतो.”

देवळामागच्या कोठीत त्याला बांधलं. फिलेमा कोठीला पाठ लावून दिवसभर बसली होती. पोरगा हाका मारत होता. तिनं ओ दिली नाही.

२६ मे

कोणीतरी रात्री कोठीच्या खिडकीतून आत कोयता टाकला. दोरही खिडकीतूनच हात घालून कापलेला. मलाकी जागचा हलला नव्हता. कोयता त्यानंच माझ्या हातात दिला आणि मनगटं पुढे केली.

घट्ट आवळलं. तो कळवळला. आणखी आवळलं.

२७ मे

त्याचे हात काळेनिळे पडलेत, फुगलेत. लुपे पाणी घेऊन गेली. मी ओरडलो. तिच्या हातातला पेला उडवला. तो तिच्याकडे बघत होता — तहानेनं की —

लुपे म्हणाली, एकदा स्वतःचं तोंड बघा आरशात.

२८ मे

लुपे सिएनीकडे जाऊन आली. काय विचारलं, सांगत नाही. आल्यापासून हातांकडे बघते आहे. मलाकीच्या नव्हे.

माझ्या.

२९ मे

मी देवाला विचारतो, तुला काय दिसतंय? बोलत नाही. ज्याला सगळं दिसतं तो गप्प, आणि म्हातारी —

मलाकी ओरडतोय. ‘ताई’ म्हणत नाही आता. नुसतं नाव. लुपे, लुपे.

३० मे

लुपे घरात नाही.

खिडकीतून दिसली. फिलेमाच्या अंगणात. गुडघ्यांवर. आमच्या लग्नातली चटई डोक्यावरून घेऊन. माझ्यासाठी बसली आहे — मी काही केलेलं नाही! मी, फेरेती नावाच्या माणसानं, अजून काहीही —

फिलेमानं चटई उचलली. मलाकीची सख्खी आई. उचलली.

म्हणजे मला माफी आहे.

म्हातारीनं दोन गोष्टी सांगितल्या. तो लुपेला मारणार. मी त्याला. दोन्ही खऱ्या होतील, तो आधी — मी नंतर — तरच. मी आधी कोठीत गेलो तर एक खोटी पडते. लुपे वाचते. नाही. कुठेच जायचं नाही. तेच तर मी सांगत आलो. वाट मोकळी आहे.

लुपे अंगणातून उठली. पाण्याचा तांब्या घेऊन कोठीकडे चालली आहे. त्याला सोडवायला. दाराशी पोचली.

तिला अडवायला हवं. नुसतं अडवायचं. रिकाम्या हातानं. कोयता इथं टेबलावर आहे आणि टेबलावरच राहील. लिहून ठेवतो, मी, माझ्या मर्जीनं, कोयता टेबलावर ठेव