कोरडी खडी

कोयनानगर, ९ फेब्रुवारी १९५८

ती. बाबांस शिवाचा शि. सा. न. वि. वि.

तर शेवटी दोष भामाचाच, असं ठरवून तुम्ही मोकळे झालात. आंब्याची सहापैकी चार कलमं मेली, आणि का, तर सून पाणी जास्त घालते. अहो, झाडाला एक कळशी, असं मीच बायकोला सांगून आलोय. मला वाटतं वाळवी लागली. एक खड्डा खणून पाहा, मग बोला.

इथे धरणावर मला दगड फोडायच्या कामावरून काढून मातीच्या परीक्षेला घेतलंय. दिवसभर मातीत पाणी ओतायचं आणि कुठवर गेलं ते बघायचं. हसा आता. खोकला कसा आहे ते कळवा.

रागावलेला पण तुमचाच,
शिवा

नेरे, १८ फेब्रुवारी

चि. शिवास अनेक आशीर्वाद.

खणलं. वाळवी नाही. वर हातभर चिखल, मुळं काळी, वास मारतो. खाली तू घातलेली गाढी नदीची खडी मात्र कोरडी ठणठणीत. झटकली तर धूळ उडाली. पाणी जास्त झालं की नाही, तूच सांग. भामाला मी एवढंच म्हणालो. तिनं कळशी पालथी घातली आणि उरणला भावाकडे गेली. जाताना म्हणाली, "उरलेल्या दोनांना तुमीच पानी घाला. मेलेल्यांचं खापर मी घेनार नाय."

भाकऱ्या मीच थापतो. आकार विचारू नकोस.

जिवाला जप.
बाबा

कोयनानगर, २६ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

कोरडी खडी, एवढंच दोनदा वाचलं. आमच्या साहेबांकडे काचेची पेटी आहे. खाली भरड वाळू, वर बारीक माती. पाणी तळाला कधी पोचेल, याचा प्रत्येकानं आधी अंदाज सांगायचा. मी छातीठोक म्हणालो, वाळू लागली की धावेल. पाणी वाळूपाशी आलं आणि थांबलं. आडवं पसरलं, खाली थेंब नाही. साहेब म्हणाले, बारीक माती पाणी धरून ठेवते. पुरती तुडुंब झाल्याशिवाय खालच्या भरड थराला सोडत नाही.

बाबा, खडी नको, असं तुम्ही दोनदा म्हणाला होतात. पाणी निघून जाईल म्हणून टोपल्या मीच ओतल्या. चार कलमं मी मारली. हे पत्र भामाच्या भावाच्या ओटीवर, चारचौघांत वाचून दाखवा. मग उरलेल्या दोन झाडांखालची खडी काढा, मुळं सांभाळून.

तुमच्या शिव्यांची वाट पाहणारा,
शिवा

ता. क. उरणच्या एसटीचं जाताना एक तिकीट, येताना दोन. उरलं तर एक कलम, भामा निवडेल ते. मनिऑर्डर केली आहे, रुपये अकरा.