राखणदाराचा वाटा

मिलिटरी हॉस्पिटल,
१४ एप्रिल २०२४

चि. सिद्धी हीस भाईचे अनेक आशीर्वाद.

वॉर्डात शिरतानाच फोन काढून घेतला, म्हणून हे पत्र. मलेरिया झालाय असं बाबांना सांगशील तर बरं, पण तुला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. मी दारूच्या वॉर्डात आहे.

आमच्या पलटणीत हल्ली प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतात. आपला माणूस वाहवत चालला तर वेळेत वर सांगणं हे त्याचं काम. माझा जोडीदार स्वप्नील, सावंतवाडीकडचा. त्याने साहेबांना सांगितलं की ड्यूटीआधीही गौरेशच्या तोंडाला वास येतो. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय. जूनमध्ये डॉक्टरांचं बोर्ड बसेल. तोवर आणि पुढेही थेंब घेतला तर नोकरी गेली.

भरतीला निघालो तेव्हा बाबांनी काठी-घोंगडी घेऊन बांधावर फिरणाऱ्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, की पोरासोबत जा, त्याची पाठ राख, आणि तो जिथे पिईल तिथे पहिला वाटा तुझा. मी ते पाळलं. नेहमी दोन ग्लास भरले. त्याचा वाटा ओतून टाकवेना, म्हणून तोही मीच प्यायलो.

आता दिवेलागणीला व्हरांड्यात काठी वाजते. डॉक्टर म्हणतात, सोडताना असे भास होतात. असतील. पण शेजारच्या खाटेवरच्या पंजाबी हवालदारांनी आज मला विचारलं, की घोंगडीवाला तुझा म्हातारा दारात उभा का राहतो, त्याला बसायला सांग. मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही.

बाबांना जप. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
भाई


सर्वण, डिचोली,
२३ एप्रिल २०२४

ती. भाईस सिद्धीचा शि. सा. न. वि. वि.

मलेरिया म्हणायला तोंड उघडलं आणि रडू आलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. बाबा रागावले नाहीत. हात धुऊन कुळागरात, माडा-पोफळींत गेले आणि जेवायलाच आले. तुझे दोस्त मात्र रोज विचारतात, फौजी कँटीनची रम घेऊन कधी येतो. मी त्यांना म्हटलं, यंदा फौजी पेढे आणणार आहे. तर म्हणतात, मग येऊ नको म्हणावं!

आपल्या बांधावर तू गेल्यापासून कुणी नाही, हे मला उगीच वाटत नव्हतं. रानडुकरं थेट न्हाणीपर्यंत येतात. मोती बांधाकडे तोंड करून नुसता बसतो, भुंकत नाही.

देवाला गाऱ्हाणी घालणाऱ्या सखाराम घाड्याकडे मी जाऊन आले. तो म्हणतो, राखणदाराला परत बोलावता येतो, पण ज्याने पाठवला त्यानेच बोलवायचा. बाबा ऐकत नाहीत. म्हणाले, चेडो, पोटचा पोर, सीमेवर आणि राखणदार घरात, हे कुठल्या गावचं शहाणपण? भाई, त्यांचंही खोटं नाही. तो तुझ्यासोबत राहिला तर वाटा मागत राहणार, आणि बोलावून घेतला तर सीमेवर तू उघडा. मला दोन्हींची भीती वाटते. रात्रंदिवस हेच चाललंय डोक्यात.

हवालदारसाहेबांना एवढंच विचार, की म्हातारा दारात उभा राहून करतो काय. आणि स्वप्नीलशी बोल. त्याच्या जागी मी असते तर मीही सांगितलं असतं.

माझ्यावर राग नसावा.

तुझी,
सिद्धी


मिलिटरी हॉस्पिटल,
३ मे २०२४

चि. सिद्धीस अनेक आशीर्वाद.

विचारलं. हवालदार म्हणाले, म्हातारा झुलतो. चौकटीला टेकून ओंजळ पुढे धरतो. काठी हातातून पडते आणि ती जमिनीवर चाचपडत शोधतो. वर म्हणाले, वीस वर्षं पहारे लावलेत, असला पहारेकरी मी उभाच केला नसता.

मला तो दिसत नाही, नुसती काठी पडल्याचा आवाज येतो. हे बाबांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तुझा,
भाई


सर्वण,
१२ मे २०२४

ती. भाईस सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. बाबांनी चहात बुडवलेला उंडो पाव तसाच विरघळला. मग कप बाजूला सारून म्हणाले, आम्हीच त्याला बेवडा केला. जो स्वतः झुलतो तो कुणाची पाठ राखणार?

अवसेला ते सखारामाला घेऊन बांधावर गेले. बायकांनी तिथे उभं राहायचं नसतं, तरी मी राहिले, आणि बाबांनी हाकलली नाही. बाबांनी गाऱ्हाणं घातलं, की म्हाराजा, चूक माझी, तुझी पहाऱ्याची पाळी संपली, आता घरी ये, आणि पोराला त्याच्या पायांवर सोड. परतताना आमच्या मागून कुणीतरी फरफटत येत होतं. बाबांनी माझा हात घट्ट धरला, मागे बघू दिलं नाही.

आता तुझ्या पाठीशी कुणी नाही. हे मी करवून घेतलं. चुकलं असेल तर त्याचं फळ मला मिळो, तुला नको.

तुझी,
सिद्धी


मिलिटरी हॉस्पिटल,
६ जून २०२४

चि. सिद्धीस अनेक आशीर्वाद.

अवसेच्या संध्याकाळीच काठी थांबली. सकाळी हवालदारांनी विचारलं, म्हातारा सुट्टीवर गेला का? मी हसलो, पण त्या रात्री भिंतीला पाठ लावून बसून होतो. एवढ्या वर्षांत पाठीमागे कुणीच नाही असं पहिल्यांदा झालं. प्यावंसं इतकं कधी वाटलं नव्हतं.

रविवारी स्वप्नील आला. दारातच उभा राहिला, आत येईना. मीच म्हटलं, बस रे. बसला तो भेटीची वेळ संपेपर्यंत.

बोर्ड झालं. सहा महिने नजरेखाली ठेवणार, पण नोकरी राहिली. महिनाअखेरीस सुट्टीवर येतो. भीती आहे, लपवत नाही.

तुझा,
भाई


सर्वण,
१५ जून २०२४

ती. भाईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचायला लावलं आणि मग देवापुढे ठेवलं.

तो आलाय. डुकरं बांध ओलांडत नाहीत. तिन्हीसांजेला काठी वाजते, सरळ, एका लयीत. मोती शेपूट हलवत बांधापर्यंत जातो आणि कुणासोबत तरी परत यावा तसा परत येतो.

पण भाई, बाबा दर बुधवारी करवंटीत त्याच्या वाट्याची फेणी ठेवतात, आणि ती सकाळी काठोकाठ तशीच असते. एक मुंगीही तिच्याजवळ जात नाही. सखाराम म्हणतो, आजोबांच्या काळापासून असं झालं नाही. बाबांना वाटतं तो रुसला. परवा त्यांनी कौल लावला, तर उजवा दिला. म्हणजे रुसलेला नाही.

काल बाबांनी फेणी माडाच्या मुळाशी ओतली आणि रिकामी करवंटी हातात घेऊन मला विचारलं, की आता याला द्यायचं तरी काय? मला कसं कळणार? तू ये आणि बांधावर बसून त्याला विचार. तुम्ही दोघं एकाच वॉर्डात होतात.

बसस्टँडवर मी उभी असेन. आहे तेवढा धीर घेऊन ये, बाकीचा इथे आहे.

तुझी,
सिद्धी