हवेला धरायला जागा

१२ नोव्हेंबर १९८५, मूल गाव

उद्या गोव्याला परत, समुद्राच्या लाटांचा अभ्यास करायला. आणि मन अडकलंय बाबांच्या हातात.

दुपारी तलावावर ते डोंगा काठाला लावून जाळं आवरत होते. त्यांना झेपेल एवढंच सांगावं म्हणून मी म्हटलं, वाऱ्यामुळे लाटा उठतात.

"अर्धंच शिकवते का तिथी? सपाट पाण्यावरून हवा घसरते. लाट उठली का तिले धराले जागा भेटते, मंग जास्तच जोर लावते. म्हणून मी डोंगा कमळाच्या पानांतून आणतो. तिथी लाट उठत नाई."

हे उमगायला मला अख्खं वर्ष लागलं होतं. बाबांनी तर समुद्र पाहिलेलाही नाही. झेपेल एवढं म्हणे. लाज वाटली.

संध्याकाळी नवी नायलॉनची साडी नेसून दाखवली. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "हात खरखरीत हाये, माय. साडीचा धागा निंगन." जाळं ओढून ओढून तसा झालेला तो तळवा. मी पदर सावरत आत गेले. काऊन गेले?

आत्ता ओसरीवर जाऊन तोच हात उचलला नि माझ्या खांद्यावर ठेवला. धागा अडकलाच. बाबा हात सोडवायला लागले, मी सोडवू दिला नाही.