मशीन काम करून रायली

१० ऑक्टोबर
चुन्नीलालजी सकाळीच आले. २५ तारखेला त्यांच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, रात्री नाटक. मंचामागच्या मोठ्या पडद्यावर नाटकाचं नाव हलतं-फिरतं यायला पाहिजे. दरवर्षी आमचे हे करून द्यायचे. "वहिनी, तुमच्याकडून होत असेल तर सांगा. नाही तर गोंदियाहून तयार आणतो. राग नका मानू."
हो म्हणून बसले!
संध्याकाळी खुशीचा फोन. दिवाळीनंतर ह्यांचा व्हिडिओ स्टुडिओ विकून गोंदियाला राहायला ये, तेच. तिला म्हटलं, हे काम जमलं तर शटर उघडं राहील. नाही जमलं तर येते. लेकीला शब्द दिला आहे, आता माघार नाही.

११ ऑक्टोबर
दिवसभर वाचलं. शाळा सातवीपर्यंतच, पण वाचायची खोड जुनी. कॉम्प्युटरवर एका बाजूला सॉफ्टवेअरची माहिती, दुसऱ्या बाजूला डिक्शनरी. ह्यांच्या शेजारी बसून बघितलेलं आता नावानिशी कळतं आहे.

१३ ऑक्टोबर
कल्पना सुचली. धानाची लोंबी वाऱ्यावर झुकते, दाणे सुटतात, उडतात आणि दाण्यांचीच अक्षरं होतात. बांधावरून येताना सुचली. धान पिवळं झालं आहे.

१५ ऑक्टोबर
लोंबी जमली. दाणे उडवले की मशीन अडते. प्रीव्ह्यू पूर्ण बघायचा नाही, चतकोर बघायचा — म्हणजे चित्र बारीक करून, धुरकट. हे तसंच बघायचे. तरी वरची हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकते.
आणि शेवटी रेंडर, म्हणजे पूर्ण व्हिडिओ तयार करणं, त्याला तर अख्खी दुपार.
त्याच दुपारी आमच्या होत्या. मी शेतावरून आले की हे रेंडर लावायचे आणि दुसरी खुर्ची ओढायचे. "मशीन काम करून रायली, आपून बसू." माझ्या हातचा चहा. हे बशीत ओतून प्यायचे. कधी खूप बोलायचो, कधी काहीच नाही. शेतात हे पुढे नि मी मागे, घरात मी चुलीपाशी. समोरासमोर बसणं तेवढंच.
उन्हाळ्यात हे गेले. खुर्ची आहे तिथेच आहे.

१६ ऑक्टोबर
आज ग्राफिक्स कार्डाचं प्रकरण वाचलं. मशीनमध्ये वेगळी पाटी बसवतात. ती चित्रांचं गणित एकदम करते, जसं धानाच्या रोवण्याला एकटीऐवजी सगळ्या बाया एका ओळीत उतराव्यात. प्रीव्ह्यू पूर्ण दिसतो, रेंडर झटपट.
सेटिंगमध्ये त्याचं एक घर आहे. दोन ओळी — एक कार्डाची, एक कार्डाशिवायची. आपलं दुसरीवर. कार्ड नसेल तर पहिली ओळ पुसट दिसते, असं वाचलं. मला तर दोन्ही सारख्याच दिसतात. चष्मा बदलायला झाला.
हात नाही लावला. मी एकदा विचारलं होतं तेव्हा हे म्हणाले होते, "ते मोठ्या मशीनवाल्यांचं आहे वं. आपल्याले कायले पाहिजे? हात नको लावजो."

१८ ऑक्टोबर
रेंडर लावला. दुपारी लाईट गेली. बॅटरीवर मशीन नीट बंद करण्यापुरताच वेळ. सगळं पाण्यात!

१९ ऑक्टोबर
परत लावला. परत गेली.
चुन्नीलालजींचा फोन, "वहिनी, बनून रायलं ना?" रायलं, म्हटलं.
मग खुशीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, कार्ड घेऊन देते. भाऊबीजेला आम्ही येतोच आहोत, प्रफुल बसवून देईल." मी नको म्हटलं. तर चिडली. "काऊन नको? काम पाहिजे का नाही पाहिजे?"
काय सांगू? कार्ड आलं की ती दुपार गेली. ह्यांच्या माघारी तेवढीच माझ्याकडे उरली आहे. रेंडर लागला की अजूनही मी माझ्या खुर्चीत बसते, समोर बघते.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. मशीनलाही हळदकुंकू लावलं.
तिसऱ्यांदा रेंडर लावला होता, संपत आला होता. मंडळाच्या डीजेवाल्यांनी तार ओढली आणि गल्लीचीच लाईट गेली.
रडले नाही. खुशीला फोन करून म्हटलं, आण तुझं कार्ड.

२२ ऑक्टोबर
दुसरी खुर्ची भिंतीला लावून ठेवली. उद्यापासून तिचं काम नाही.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. खुशी आणि जावई आले. प्रफुलनं मशीनचा डबा उघडला आणि थांबला. "आई, यात कार्ड आहे!"
बिघडलेलं असेल, म्हटलं. त्यानं गोंदियाच्या दुकानवाल्या गुड्डूला फोन लावला, स्पीकरवर. "अरे जमाईबाबू, वो तो सुकराम भैया ने खुद लगवाया था, चार-पाँच साल हुए. मेरे सामने चला के देखा. बोले, अरे, ये तो चाय बनने के पहले ही हो गया!"
ह्यांनी मला तर मशीन साफ करायला नेतो, एवढंच सांगितलं होतं.
प्रफुलनं वरची ओळ निवडली. दाणे उडाले — पूर्ण, स्वच्छ, एकेक दाणा दिसला. रेंडर लावला. मी दूध बघून येईपर्यंत नाव तयार!
प्रफुल म्हणाला, "कार्ड तर एकदम चांगलं आहे. मग बाबांनी बंद काऊन ठेवलं होतं?"
मी खुर्ची भिंतीपासून ओढून जागेवर आणली. मग चहा ठेवायला आत गेले.