हातगुणाची परीक्षा

प्रिय सूनबाई,

वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर पत्र पाठवणारी सासू तू पाहिली नसशील. पण करू काय? समोरासमोर बसलो की दुसऱ्या वाक्याला आपलं वाजतं, आणि आमचे चिरंजीव मध्ये पडून दोघींची बोलणी खातात. कागदावर तरी तू मला मध्येच तोडणार नाहीस. तेव्हा चहा करून घे आणि शेवटपर्यंत वाच.

बेकरीवालीची लेक, चिमणी, काल दवाखान्यातून घरी आली. चेहरा एवढासा झालाय, पण जीभ तशीच चुरुचुरु. त्या दुपारचं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही गं. माझ्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक, माझ्या तोंडात टाचण्या, आणि तिची आई तिला उचलून धावत आली. पोरीचे ओठ निळे, श्वासाची नुसती शिट्टी. दम्याचा पंप कुठाय म्हणून तू ओरडलीस, तर ती बाई म्हणते कशी, तुमच्या सासूबाई छातीवरून हात फिरवायला लागल्या तेव्हापासून पंप बंदच केलाय, त्यांच्या हाताला गुण आहे ना! तू पोरीला उचलून रिक्षात घातलंस. मी तिथेच खिळल्यासारखी उभी. मी कुणाला औषध सोडा म्हटलेलं नाही, देवाशपथ सांगते. पण सोडू नका असंही कधी बजावलं नव्हतं.

आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. काठीने पाणी शोधणाऱ्या त्या पाणाड्याची परीक्षा घेतलीत ना तुम्ही, तुमच्या त्या चमत्कार तपासणाऱ्या मंडळाने, वाचनालयाच्या वरच्या खोलीत? मी आले होते. मागे खांबाआड बसले होते, चष्मा काढून, म्हणजे तू ओळखणार नाहीस. चष्म्याशिवाय मलाच कोणी दिसेना, म्हणून हळूच पुन्हा लावला, ते सोड. मी आले होते तुझी फजिती बघायला. वाटलं होतं, ही शहाणी मंडळी त्या म्हाताऱ्याची टर उडवतील, आणि घरी आल्यावर मी तुला चांगली फैलावर घेईन. कसलं काय! बादल्या किती, कुठे ठेवायच्या, काठी कशी धरायची, सगळं त्याच्या मनासारखं. आधी उघड्या बादल्यांवर काठी फिरवून घेतली, आज हात चालतोय ना म्हणून दोनदा विचारलंत. मग सगळ्यांना बाहेर काढून काही बादल्यांत पाणी भरलं, सगळ्यांवर झाकणं लावून भरणारे निघून गेले, म्हणजे नंतर आत आलेल्या तुम्हालाही पत्ता नाही कुठे काय आहे. मला तर ते फारच पटलं. नाहीतर माणूस न बोलता डोळ्यांनी सांगतोच की!

बिचारा नाणं उडवून जेवढं जमलं असतं तेवढंच बरोबर सांगू शकला. खोलीत कोणी हसलं नाही. तुमच्यातल्या त्या जाड्या मास्तरांनी त्याला खुर्ची दिली, आणि तू त्याची काठी उचलून त्याच्याबरोबर जिना उतरलीस. मी मागून येत होते. सबंध रस्ता तो बोलत होता आणि तू ऐकत होतीस. तू! मला वाक्य पुरं करू न देणारी! नंतर चिरंजीवांकडून कळलं, हा तुमचा नियमच आहे, हरलेल्याला एकटं घरी जाऊ द्यायचं नाही. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की घरी येऊन तुझ्याशी भाजीच्या मिठावरून भांडले. कौतुक तोंडावर करायची सवय नाही ना मला.

तेव्हापासून माझं माझ्याच हातांवर लक्ष आहे. डोळे मिटून हात फिरवला की दुखरी जागा तळव्याला गरम लागते, असं मी जन्मभर म्हणत आले. पण बाई, जन्मभर मी मापंही घेत आले. कुणाचा खांदा खाली आलाय, बाही चढवताना कोण तोंड वाकडं करतं, हे हात फिरवायच्या आधीच मला दिसलेलं असतं. मग गरम काय लागतं, तळवा की डोकं? खरंच कळत नाही.

काल बेकरीवालीला बसवून सांगितलं, बाई गं, माझ्या हातात काही नाही, पोरीला पंप दे. तर तिने माझे हात कपाळाला लावले! म्हणाली, मोठी माणसं स्वतःचं कौतुक करत नाहीत, तुमचा हात आधी लागला म्हणून तर पोर दवाखान्यापर्यंत टिकली. पंप अजून कपाटातच आहे. मी जितकं नाही म्हणते तितकी तिची श्रद्धा वाढते. आता माझ्या सांगण्याने भागायचं नाही, तिने डोळ्यांनी बघायला हवं.

म्हणून हे पत्र. याला माझा अर्ज समज. येत्या रविवारी तुमच्या मंडळाने माझी परीक्षा घ्यावी, आणि बेकरीवालीला पहिल्या रांगेत बसवावं. पडदा माझ्या दुकानातला घ्या, जाड आहे. पलीकडे काही दुखणेकरी, काही धडधाकट, सगळे गप्प. मी फक्त हात आत घालीन. सून म्हणून तिळभर सूट द्यायची नाही. पास झाले तर पंचाईत तुमची! नापास झाले तर तिथेच, सगळ्यांसमोर, पंप मी माझ्या हाताने चिमणीच्या हातात देईन. भीती वाटते गं. लोक या हातांसाठी जिना चढून येतात, उद्या फक्त बटणं लावायला येतील. पण पोर श्वास घेईल. एकच अट आहे माझी. त्या दिवशी मला घरापर्यंत सोडायला मास्तर नको, चिरंजीव तर नकोच. तू चल माझ्याबरोबर. आणि रस्ताभर मला बोलू दे.

तुझीच,
वरच्या मजल्यावरची