घोरक्या राक्षसाचं खरं नाव

बॅलिनारा, १४ ऑक्टोबर

प्रिय फिन्टन,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक. बटाटे बरे निघाले, हिवाळ्याचं जळण वाळून घरात आलं. तुझी फुलंही पोचली. त्यावर नाव नव्हतं, पण बॉस्टनहून दुसरं कोण पाठवणार?

आपल्या डरमिडचं पेपरात वाचलंच असशील. राक्षस-चेटकिणींच्या कादंबऱ्यांनी जग वेडं करणारा लेखक, दीर्घ आजाराने, वगैरे. खरं म्हणजे उन्हाळ्यात डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो दाखवला, तसा तो टॅक्सी करून सरळ या थोरल्या बहिणीच्या दारात. "नूला, मरायला आलोय. चहा टाक." मी म्हटलं, "आधी बूट काढ."

दिवस चांगले गेले, खरंच सांगते. लोणी घालून बटाटे खायचा, खिडकीतून समुद्र बघायचा. लिहिणं बंद. लंडनहून प्रकाशकाचा फोन आला की म्हणायचा, "सांग, गायीची धार काढायला गेलाय." पुढे दम फार लागायला लागला, पण कुरकुर नाही. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर झोपेतच गेला होता.

मयताला लांबलांबचे वाचक आले, त्याच्या पुस्तकांतल्यासारखे झगे घालून, कमरेला लाकडी तलवारी. शेजारच्या पेगने त्यांना सँडविच देत विचारलं, "बाबांनो, तुम्ही कुठल्या मठातले?" घरभर हशा पिकला. त्याला आवडलं असतं.

मुद्द्याचं सांगायचं मघापासून टाळते आहे. त्याच्या पहिल्या पुस्तकातला लाल दाढीचा घोरक्या राक्षस म्हणजे तूच, असं म्हणून गुत्त्यात सगळे तुला चिडवायचे. "सख्ख्या भावाचं जगभर हसं केलंस," म्हणून तू त्याच्याशी भांडून बॉस्टनला गेलास, आणि तो गप्प बसला. शेवटच्या दिवसांत मी त्याला झापलंच. "भावाला राक्षस करताना काही वाटलं नाही तुला?"

तो खोकला येईपर्यंत हसला. "दाढी तेवढी फिन्टनची लावली. राक्षस तू आहेस."

"मी घोरते?"

"लहानपणी आम्ही दोघं कान झाकून झोपायचो. पण हे बोललो असतो तर तुला लागलं असतं. वाटलं, फिन्टनचा राग काय, निवळेल. नाही निवळला."

मला लागलं नाही रे, हसूच आलं. मग तो झोपल्यावर परसात जाऊन रडले, ते तुमच्या फुकट गेलेल्या वर्षांसाठी.

त्याची पुस्तकं मी कधी वाचली नव्हती. तूही पहिल्यानंतर हात लावला नाहीस. आता वाचते आहे. तिसऱ्यात पूर येतो. राक्षस दोन पोरांना खांद्यांवर घेतो आणि त्यांना शिव्या घालत नदी उतरतो. आई गेल्यानंतरची आपली नदीपलीकडच्या शाळेची वाट आठवते ना?

तिथवर आले आणि थांबले. बारीक अक्षर आता दिसत नाही. पुढचं तू येऊन वाचून दाखव.

तुम्हा दोघांची,
नूला